फुकट ते पौष्टिक: यूएस ओपनचा आधीचा आठवडा

न्यूयॉर्कची यूएस ओपन टेनिस स्पर्धा सुरू होण्याआधी चार दिवस सात नंबरच्या ट्रेनने मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरले, लाकडी पुलावरून चालत पूर्वेच्या फाटकातून आत गेले, आणि प्रवेशाला एक सेंट मोजला नाही. खर्च झाला तो गाडीभाड्याचा. जाताना २.९० डॉलर, येताना २.९०. आमच्या ह्यांना पहिल्या दिवशी खरंच वाटेना. फाटकातून आत गेल्यावरही ते मागे वळून बघत होते, कुणी बोलावतंय का म्हणून.

मुख्य स्पर्धा उद्या, रविवारी २४ ऑगस्ट २०२५ ला सुरू होते आणि ७ सप्टेंबरपर्यंत चालते. त्याच्या आधीच्या या आठवड्यात पात्रता फेरीचे सामने असतात आणि ते कुणीही येऊन बघावेत. बहुतेक मंडळी या आठवड्याला पोरांना फिरवण्याची जत्रा समजतात. थोडी आहेच ती जत्रा. पण टेनिस जवळून बघायचं असेल तर माझ्या मते या गावातलं सगळ्यात चांगलं तिकीट हेच, आणि ते विकत मिळत नाही.

मी वीसेक वर्षं राज्य पातळीवरच्या स्पर्धांत लाइनवर, म्हणजे चेंडू रेषेच्या आत की बाहेर ते सांगायला, उभी राहिलेय. गुडघा गेला तेव्हा ते सुटलं. त्यामुळे माझी नजर आधी खेळाडूच्या पायांकडे आणि रेषेकडे जाते, चेहऱ्याकडे शेवटी. इथे २०२१ पासून एकाही कोर्टवर लाइनमन नाही. कॅमेरे बघतात आणि ध्वनिमुद्रित आवाज 'आउट' म्हणून ओरडतो. माझं काम यंत्राने खाल्लं याचं दुःख करत बसले नाही, कारण यंत्र माझ्यापेक्षा बरं बघतं. पण मंगळवारी दहा नंबरच्या कोर्टवर बॉल रेषेबाहेर पडला आणि माझा हात आपोआप आडवा गेला. ह्यांनी तो हळूच खाली ओढला. शेजारची बाई मला बसायला जागा हवी आहे असं समजून सरकली.

पात्रता फेरीत पुरुषांचे १२८ खेळाडू, तीन फेऱ्या, आणि शेवटी १६ जण मुख्य ड्रॉमध्ये. सामना तीन सेटचा. तिसऱ्यात ६-६ झालं की दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा शेवटचा गेम. आता त्या टायब्रेकची किंमत बघा. मुख्य फेरीत नुसतं पाऊल ठेवलं आणि पहिलाच सामना हरला तरी यंदा १,१०,००० डॉलर मिळतात. शेदीडशे क्रमांकाच्या पोराला त्यातून पुढच्या कितीतरी महिन्यांची विमानाची तिकिटं आणि कोचचा पगार सुटतो. गुरुवारी असाच एक टायब्रेक मी पहिल्या रांगेतून बघितला. खेळाडू टॉवेल घ्यायला आला तेव्हा त्याच्या बोटांवरची चिकटपट्टी सुटलेली दिसत होती. ८-७ वर त्याने सेकंड सर्व्हिस मारायच्या आधी चेंडू अकरा वेळा टप्पा टप्पा केला. मी मोजले. डबल फॉल्ट झाली, म्हणजे दुसरी सर्व्हिसही चुकली आणि गुण गेला. आर्थर ॲश या मुख्य स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून हे दिसणारच नाही, कुणालाही.

कोर्टबद्दल थोडं. इथे १९७८ पासून हार्ड कोर्ट आहे. त्याआधी स्पर्धा फॉरेस्ट हिल्सला व्हायची, तिथे गवत होतं, मग तीन वर्षं माती. जिमी कॉनर्सने ही स्पर्धा तिन्ही पृष्ठभागांवर जिंकली, आणि हे दुसऱ्या कुणाला जमणं आता शक्यच नाही. २०२० पासून लेकोल्ड नावाचा पृष्ठभाग आहे. टीव्हीवर तो नुसता निळा रंग वाटतो. जवळ बसलं की बुटांची किंचाळी ऐकू येते. मातीत पाय घसरत जातो, इथे तो रुततो, आणि गुडघ्याला त्याचा हिशोब द्यावा लागतो. माझ्या गुडघ्याने दिलाय.

सरावाची कोर्टं मुख्य स्टेडियमच्या बाजूलाच आहेत. त्यांना लागून उंच गॅलरी आहे, म्हणजे एका अंगाला सराव आणि वळलं की दुसऱ्या अंगाला चार, पाच, सहा नंबरच्या कोर्टवरचे सामने. कल्पना उत्तम. पण मोठं नाव सरावाला आलं की गॅलरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. एका बड्या खेळाडूसाठी आम्ही पन्नास मिनिटं थांबलो. माझ्या वाट्याला आली त्याच्या टोपीची वरची बाजू आणि समोरच्या माणसाच्या मोबाइलमधलं त्याचं चित्र. म्हणून माझा सल्ला: बडी नावं सोडा, शेजारच्या कोर्टवर मानांकन नसलेला कुणी सराव करत असेल त्याला बघा. मारण्याचा वेग तोच असतो, गर्दी नसते.

खाणं महाग. इथलं प्रसिद्ध पेय हनी ड्यूस, म्हणजे व्होडका, लेमोनेड आणि रास्पबेरीची मद्यार्कयुक्त चव, वर टेनिस बॉलसारख्या कापलेल्या खरबुजाच्या गोळ्या. २०२५ मध्ये एक ग्लास २३ डॉलर. लेकीने एक घेतला. ह्यांनी रुपयांत गुणाकार केला आणि पुढची दहा मिनिटं गप्प बसले. पण ग्लास घरी नेता येतो आणि त्यावर आजवरच्या विजेत्यांची नावं छापलेली असतात. तो रिकामा झाल्यावर हे चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले, "फेडरर, फेडरर, फेडरर, फेडरर, फेडरर." २००४ ते २००८. "आणि मग?" मग डेल पोत्रो, नदाल, जोकोविच, मरे असं एकेक बदलत जातं. २००८ नंतर एकाही पुरुषाला इथे लागोपाठ दोनदा जिंकता आलेलं नाही. यजमान अमेरिकेच्या पुरुषांपैकी शेवटचं नाव २००३ चं, रॉडिकचं. जॅक्सन हाइट्सला उतरून जेवायला जाईपर्यंत गाडीत आमचं यावरच चाललं होतं, आणि यंदाच्या पुरुषांच्या स्पर्धेचं निम्मं मर्म त्या ग्लासावर आहे.

कारण गतविजेता आहे यानिक सिनर. गेल्या वर्षी त्याने अंतिम सामन्यात टेलर फ्रिट्झला ६-३, ६-४, ७-५ असं सहज काढलं. हार्ड कोर्टवरच्या गेल्या तीनही ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, त्याच्या: ऑस्ट्रेलिया २०२४, न्यूयॉर्क २०२४, ऑस्ट्रेलिया २०२५. म्हणजे २१ सामने, हार एकही नाही. त्यात जुलैत विम्बल्डन. त्याचा खेळ मला लाइनवाल्या बाईच्या नजरेने आवडतो, कारण चेंडू रेषेजवळ पडतो पण रेषेवर जुगार खेळत नाही. दोन्ही बाजूंनी सपाट, लवकर घेतलेला फटका. समोरच्याला श्वास घ्यायला वेळच नाही. काळजी एकच, तब्येत. सिनसिनाटीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोमवारी ०-५ असताना आजारपणामुळे त्याने सामना सोडला आणि मंगळवारच्या मिश्र दुहेरीतूनही माघार घेतली. पहिल्या फेरीत त्याच्यासमोर कोप्रिव्हा आहे. सावरायला तेवढी उसंत मिळावी.

सिनसिनाटीला त्याच्यासमोर होता कार्लोस अल्काराझ. आपसातल्या सामन्यांत अल्काराझ ९-५ ने पुढे आहे. जूनमध्ये पॅरिसला त्याने सिनरचे तीन मॅच पॉइंट वाचवून ५ तास २९ मिनिटांनी करंडक उचलला, आणि महिन्याभराने विम्बल्डनला सिनरने चार सेटमध्ये परतफेड केली. क्रमवारीचं गणितही अल्काराझच्या बाजूने आहे, कारण गेल्या वर्षी इथे मिळवलेले गुण यंदा पुन्हा मिळवावे लागतात. गेल्या वर्षी तो इथे दुसऱ्याच फेरीत व्हॅन डी झांडशुल्पकडून तीन सेटमध्ये हरला होता, त्यामुळे त्याचे गमावण्याजोगे गुण नगण्य, आणि सिनरला मात्र पूर्ण २००० राखायचे आहेत. मागच्या वर्षीच्या जूनपासून पहिला क्रमांक सिनरकडे आहे, तो या पंधरवड्यात हलू शकतो. अल्काराझच्या ड्रॉप शॉटबद्दल सगळे बोलतात. मी बघते ती त्याची सर्व्हिस. यंदा त्याने तिची लय बदलली, रॅकेटचं वजनही थोडं वाढवलं. पहिल्याच फेरीत समोर रायली ओपेल्का आहे, २११ सेंटिमीटर उंचीचा. अशा सामन्यात रॅली फारशा होत नाहीत, दोघंही आपापली सर्व्हिस राखत टायब्रेकपर्यंत जातात. अल्काराझला तिथे स्वतःची सर्व्हिसच उपयोगी पडेल.

आता जोकोविच. ह्यांचा माणूस. "अडतीस म्हणजे काही वय आहे का?" हे वाक्य मला दिवसातून दोनदा ऐकावं लागतं, त्यामागे त्यांचं स्वतःचं वय आहे. इथे तो चार वेळा जिंकला आहे, २०११, २०१५, २०१८ आणि २०२३. एकूण २४ ग्रँड स्लॅम. यंदा ऑस्ट्रेलिया, पॅरिस, विम्बल्डन तिन्हीकडे उपांत्य फेरी गाठली आणि तिथेच थांबला. विम्बल्डननंतर एकेरीचा एकही सामना तो खेळलेला नाही, टोरांटो आणि सिनसिनाटी दोन्ही सोडल्या. सुरुवात लर्नर टिएनशी, म्हणजे निम्म्या वयाच्या पोराशी. ड्रॉ बघितला तर उपांत्य फेरीत अल्काराझ त्याच्या वाटेत येतो. पाच सेटच्या सामन्यात पहिल्या दोन सेटपुरता तो अजून कुणालाही नाचवू शकतो, पण तिसऱ्या सेटमध्ये पाय उशिरा निघतात असं मला दिसतं. हे मी घरात मोठ्याने म्हणत नाही.

यजमानांना यंदा आशा आहे, आणि ती पोकळ नाही. बेन शेल्टनने याच महिन्यात टोरांटोला पहिली मास्टर्स १०००, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा, जिंकली. डावखुरा, सर्व्हिस भयंकर, आणि रात्रीचं प्रेक्षागृह अंगात घेणारा. पण त्याच्या वाटेतही उपउपांत्य फेरीत अल्काराझ. फ्रिट्झ जोकोविचच्या भागात अडकलाय. मला रॉडिकनंतरचं नाव यंदा त्या ग्लासावर येताना दिसत नाही.

झ्वेरेव्हला तिसरं मानांकन आहे आणि माझा त्याच्यावर भरवसा नाही. २०२० ला याच कोर्टवर दोन सेटने पुढे असताना तो थीमकडून हरला. त्यानंतर आणखी दोन अंतिम सामने हरला. यंदा विम्बल्डनला पहिल्याच फेरीत बाहेर. ड्रेपर गेल्या वर्षी इथे उपांत्य फेरीत होता आणि मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकला, पण डाव्या दंडाच्या दुखापतीमुळे विम्बल्डननंतरच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा त्याने टाळल्या. मेदवेदेवबद्दल लिहिण्यासारखं यंदा काही घडलेलं नाही.

मिश्र दुहेरी या वर्षी याच आठवड्यात दोन दिवसांत उरकली, अंतिम सामना सोडून छोट्या सेटमध्ये, दहा लाख डॉलरच्या बक्षिसासाठी. बडी एकेरी नावं बोलावली होती. जिंकले एरानी आणि वावासोरी, रोजचे दुहेरीवाले, श्वियाँतेक आणि रूडला हरवून. मी ते आवारातल्या पडद्यावर बघितलं आणि एकटीने टाळ्या वाजवल्या.

आता उद्यापासूनच्या विकतच्या तिकिटाबद्दल, कारण २०२३ मध्ये पहिल्या आठवड्यात आम्ही दोन्ही प्रकार करून बघितले होते. ग्राउंड पास घ्या. आर्थर ॲश सोडून बाकी सगळी कोर्टं, आर्मस्ट्राँग या दुसऱ्या मोठ्या स्टेडियमच्या बिनआरक्षित जागा धरून, त्यात येतात. सतरा नंबरचं कोर्ट जमिनीपेक्षा खाली खोदलंय, त्याला 'द पिट' म्हणतात. तिथे आवाज बाहेर जात नाही आणि डावखुऱ्याचा स्पिन वळताना दिसतो. ॲशमध्ये २३,७७१ माणसं मावतात. त्यातल्या शेवटच्या रांगांपैकी एकीत आम्ही होतो, आणि खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे दिसत होते. रात्रीचं सत्र सातला सुरू होतं, संपण्याची खात्री नाही. २०२२ ला अल्काराझ आणि सिनरचा उपउपांत्य सामना पहाटे २:५० ला संपला. आम्ही २०२३ च्या आमच्या रात्री साडेअकरालाच उठून निघालो होतो, ह्यांच्या गोळ्यांची वेळ म्हणून.

आणि तिकीट पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून घ्यायचं असेल तर शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडा बघा. मी जिथून घेतलं होतं तिथे पहिल्या पानावर एक किंमत होती आणि पैसे भरताना त्यात असं काही शुल्क चढलं की लेकीने विचारलं, "आई, दोनाची घेतलीस की तिघांची?" पाठीवरची सॅक आत चालत नाही. हातात धरायची लहान पिशवी न्या, नाहीतर फाटकावर वेळ जातो.

घरात पैज लागली आहे. हे जोकोविच, लेक अल्काराझ. मी सिनर म्हटलंय, तब्येत साथ देईल या अटीवर. अट घालून पैज लावता येत नाही असं दोघांचं म्हणणं आहे. मंगळवारचा ग्राउंड पास काढून ठेवलाय. सामने अकराला सुरू होतात, आम्ही दहालाच सतरा नंबरच्या दारात असू.