मीठ की साखर: आयनिक पदार्थ ओळखायला कोणती कसोटी धरावी?

समजा, फडताळात लेबल गळून पडलेल्या दोन बरण्या आहेत. दोन्हींत पांढरे, बारीक, चमकणारे स्फटिक. चाखलं की क्षणात उलगडा होईल, पण प्रयोगशाळेत कुठलाही पदार्थ जिभेवर ठेवायचा नसतो, तेव्हा तो मार्ग बंद. आता प्रभार असलेल्या कणांचं, म्हणजे आयनांचं बनलेलं, म्हणजेच आयनिक, कोण आणि रेणूंचं बनलेलं, म्हणजे सहसंयुज, कोण हे ठरवायचं कसं?

मुलं सगळ्यात आधी पाण्याकडे धावतात, कारण आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात आणि सहसंयुज विरघळत नाहीत, हे त्यांनी घोकलेलं असतं. माझ्या मते ही सर्वांत कुचकामी कसोटी. 25 अंश सेल्सिअसच्या 100 मिली पाण्यात मीठ साधारण 36 ग्रॅम विरघळतं. साखर तब्बल 200 ग्रॅमच्या आसपास! साखरेच्या एकेका रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांची पाण्याशी छान गट्टी जमते. उलट चुनखडी आयनिक असूनही पाण्यात तळाशी बसून राहते. तेव्हा विरघळण्यावरून निकाल देऊ नये.

ठिसूळपणाचंही तेच. मिठाचा खडा बत्त्याने फुटतो, कारण थर जरा सरकले की सारखे प्रभार समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलतात. पण खडीसाखरही फुटतेच की. मेण मऊ असतं म्हणून सगळे रेणवीय पदार्थ मऊ, असं होत नाही.

खरा फरक उष्णता दाखवते. स्टीलच्या जुन्या चमच्यात चिमूटभर साखर घेऊन चमचा सांडशीने मंद आचेवर धरा. 185 अंशांच्या आसपास ती वितळते, सोनेरी होते, मग तपकिरी, मग करपलेल्या पाकाचा वास आणि शेवटी काळा कोळसा. दुसऱ्या चमच्यातलं मीठ तेवढ्याच वेळात फार तर तडतडेल. दृष्ट काढून मीठमोहऱ्या चुलीत टाकल्यावर येतो त्या आवाजात मिठाचाही वाटा असतो: स्फटिकात अडकलेल्या पाण्याच्या थेंबुकल्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. पण मीठ वितळत नाही. त्यासाठी 801 अंश लागतात. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयनांनी घेरलेलं, प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियमनी. ही सगळी पकड एकदम सोडवायची असते. रेणवीय पदार्थात रेणूच्या आतले बंध घट्ट असले तरी रेणूरेणूंमधली ओढ त्यामानाने दुबळी असते. म्हणून तर कापूर आरतीच्या तबकातून मागे काही न ठेवता उडून जातो.

इथेही दोन फसवे पाहुणे आहेतच. तुरटी पक्की आयनिक, तरी तव्यावर टाकली की 92 अंशांच्या पुढेमागे पाघळते. ती स्वतःच्याच स्फटिकजलात, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्यात, विरघळत असते. ते पाणी उडून गेलं की फुगलेली, कोरडी ‘लाही’ उरते आणि ती मात्र त्या आचेला दाद देत नाही. दुसरी गारगोटी: 1700 अंशांपर्यंत हलत नाही, पण आयनिक नाही. तिच्यात सुटे रेणूही नाहीत, सगळा खडा म्हणजे सहसंयुज बंधांचं एकच जाळं.

म्हणून उष्णतेच्या जोडीला वीज हवी. 9 व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, 470 ओहमचा रोधक आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली एवढं पुरतं. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते घ्या. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, तिथे काही न टाकताच दिवा लुकलुकतो. मिठाच्या पाण्यात एलईडी झटकन पेटतो आणि पेन्सिलींच्या टोकांना बुडबुडे येतात. त्यात क्लोरीन असू शकतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून काम लवकर आटपा. साखरेच्या पाण्यात अंधारच. कोरडं मीठही वीज नेत नाही. आयन असतात, पण जागचे हलू शकत नाहीत.

मग फक्त वीजच का पुरू नये? लिंबूसत्त्वामुळे. ते रेणवीय आहे, पण पाण्यात त्याचे थोडे रेणू आयन सोडतात आणि दिवा लागतो. चमच्यात मात्र ते 153 अंशांच्या आसपास वितळून पुढे काळवंडतं, तेव्हा सोंग उघडं पडतं. आधी चमचा, मग दिवा, आणि दोघांचं पटलं तरच निकाल, असा माझा क्रम आहे.

आमच्या एका द्राक्षबागवाल्या आतेभावाला हाच घोळ झाला होता. ठिबकच्या टाकीत युरिया विरघळवला, ईसी मीटर (पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजणारा) बुडवला, तर आकडा जागचा हलेना. पोटॅश टाकल्यावर तो उसळी मारतो हे त्याने पाहिलेलं. दुकानदाराने बनावट माल दिला म्हणून तो भांडायलाच निघाला होता. युरियाचे रेणू पाण्यात अख्खेच्या अख्खे उतरतात, प्रभार नसतोच, मग मीटर काय दाखवणार? मी त्याला एक दाणा चमच्यावर तापवायला लावला. 133 अंशांना युरिया वितळतो; दाण्याचं पाणी झालं, आणखी तापल्यावर अमोनियाचा उग्र भपकारा आला आणि दादा शिंकत बाहेर गेले. दुकानात काही गेले नाहीत.