नर की मादी? एकाच वेतातली दोन देशी पिल्लं, १६ महिन्यांनंतर

कोथरूडमधली एक इमारत, दोन घरं आणि एकाच वेतातली दोन देशी पिल्लं. तिसऱ्या मजल्यावर नर, पहिल्यावर मादी. रक्त एक, डॉक्टर एक, फिरायची टेकडीही एकच, त्यामुळे दोघांत दिसलेल्या फरकात जातीचा घोळ नाही. आज नर २१ किलोचा आहे, मादी १७ची. दोन कुत्र्यांवरून नियम ठरत नाही. पण ‘नर आडदांड, मादी प्रेमळ’ एवढंच ऐकून पिल्लू निवडणारे खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी हे लिहायलाच हवं असं आम्हाला वाटतं. मादीचं दुखणं तारीख लावून येतं, नराचं रोज थोडं थोडं असतं. आपल्या घराला यातलं कोणतं झेपेल, ते बघून ठरवावं.

स्वभावाचं आधी उरकतो. मायेत फरक नाही. अंगाला चिकटून बसायची सवय उलट नरालाच जास्त आहे. मादी येते, लाड करून घेते आणि आपल्या जागी जाते. मादी लवकर पोक्त झाली: ‘बस’, ‘थांब’ तिला पाचव्या महिन्यात पक्कं जमलं, नराचं लक्ष वर्षभर सैरभैर होतं. राखणीला नरच हवा ही समजूत सोडून द्या, बेल वाजली की आधी मादी भुंकते. आणि कुत्रं चावतं ते बहुतेक वेळा भीतीपोटी. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लाला माणसं, मुलं, रिक्षा, कुकरची शिट्टी यांची ओळख झाली की नाही, हे नर-मादीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

आता माज. मादी पहिल्यांदा साधारण ६ ते १२ महिन्यांत माजावर येते, मोठ्या जातींत आणखी उशिरा. पुढे बहुतेक माद्या दर सहा-सात महिन्यांनी येतात. देशी माद्यांत पुष्कळदा वर्षातून एकदाच. भाद्रपद म्हटलं की गल्लीतल्या कुत्र्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आमची मादीही दहाव्या महिन्यात, नेमकी भाद्रपदातच आली. आधी ती मागचा भाग सारखा चाटायला लागली, मग तिथे सूज आणि पांढऱ्या फरशीवर दोन-तीन लाल थेंब. रोज सकाळी पांढरा टिश्यू दाबून रंग बघा आणि कॅलेंडरवर लिहा. सुरुवातीला गडद लाल असतो, नवव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास फिका, पाणचट गुलाबी होतो.

इथेच लोक फसतात. रक्त कमी झालं म्हणजे माज संपला असं समजून पट्टा ढिला सोडतात. खरं तर तेच दिवस गर्भ राहण्याचे. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी हात ठेवला की मादी शेपटी एका बाजूला वळवून उभी राहते. ही खूण दिसली की टेकडी बंद. पहिल्या थेंबापासून तीन आठवडे आणि वर एक आठवडा जास्तीचा, एवढे दिवस पट्टा हातातच ठेवावा. फिरायला पहाटे पाचला, दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. इमारतीच्या दारातच लघवीला बसवू नका, थोडं लांब न्या, नाहीतर वासावर नर थेट गेटपाशी येऊन बसतात. घरात लहान मुलाची जुनी चड्डी उलटी घालून शेपटीपुरतं भोक पाडलं आणि आत साधं पॅड लावलं की काम भागतं. पॅड चार-पाच तासांनी बदला आणि रात्री चड्डी काढून ठेवा, नाहीतर कातडी लाल होते. चुकून जोडी अडकली तर ओढून सोडवायचं नाही, दोघांनाही इजा होते. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ती आपोआप सुटतात. मग त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

माज संपला की दीड-दोन महिन्यांनी खोटं गाभणपण येऊ शकतं. गर्भ नसताना आमच्या मादीने पलंगाखाली चादर उकरून घर केलं, दोन मोजे आणि रबरी बदक पोटाशी घेऊन बसली, कोणी हात लावला की गुरगुरायची. सडांत दूधही आलं होतं. अशा वेळी सड पिळू नका, शेकू नका, त्याने दूध वाढतं. मोजे-खेळणी तिच्या नकळत काढून घ्या, फिरणं वाढवा. दोन-तीन आठवड्यांत उतरतं. मात्र माजानंतरच्या या दोन महिन्यांत मादी भांडंभर पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, उलट्या झाल्या किंवा मागून पू आला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधीकधी बाहेर काहीच येत नाही, तो प्रकार जास्त घातक. सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

नराचं असं मोठं प्रकरण काही झालं नाही. सातव्या महिन्यात उशीवर चढणं, आठव्यात पाय वर. अर्ध्या तासाच्या फेरीत पंचवीस ठिकाणी दोन-दोन थेंब: स्कूटरचं चाक, कुंडी, शेजारच्यांचं तुळशीवृंदावन. सोसायटीत सर्वात जास्त भांडणं यावरूनच होतात, आणि चूक आपलीच असते. उपाय असा: निघताच एका ठरलेल्या जागी पूर्ण मोकळं होऊ द्यायचं, मग दहा मिनिटं सलग चालायचं, आणि त्यानंतर टेकडीवर मनसोक्त हुंगू द्यायचं. घरात केलंच तर नुसतं फिनेल मारून उपयोग नाही. आपल्याला वास येत नाही, त्याला येतो. एन्झाइमवालं क्लीनर ओतून १५ मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. (हिरवळीवरचे पिवळे डाग मात्र मादीचे, कारण ती एकाच जागी बसून सगळी लघवी सोडते.) जवळपास मादी माजावर असली की नर तीन-चार दिवस जेवत नाही, रात्री रडतो आणि दार उघडलं की सुसाट सुटतो. जाळीचं सेफ्टी डोअर बसवा, पट्टा गळ्याऐवजी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावा.

नसबंदी दोघांची केली. मादीचं पोट उघडावं लागतं, म्हणून खर्च आणि विश्रांती दोन्ही जास्त. माजानंतर दोन-तीन महिने थांबून आणि दूध पूर्ण आटल्यावर करा. टाके चाटू नयेत म्हणून दहा ते चौदा दिवस गळ्यात कोन (तोंडाभोवतीची प्लास्टिकची नरसाळ्यासारखी कॉलर) हवाच. ‘बिचारीला त्रास होतो’ म्हणून काढला की टाके उसवतात. नराचं काम सोपं, पण शस्त्रक्रियेनंतरही महिनाभर त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. त्याचं पळणं तीन महिन्यांत जवळजवळ थांबलं, जागोजागी थेंब टाकून खुणा करणं निम्म्यावर आलं, फटाक्यांची भीती होती तेवढीच राहिली. भित्र्या नराची घाई करू नका, आधी डॉक्टरांशी सविस्तर बोला. मोठ्या जातीच्या पिल्लाची नसबंदीही हाडं पूर्ण वाढल्यावर करावी. दोघांचं जेवण आम्ही पाचव्या हिश्शाने कमी केलं. ते केलं नसतं तर वजन नक्की चढलं असतं.

घरात आधीच एक कुत्रं असेल तर दुसरं विरुद्ध लिंगाचं आणा. एका घरातल्या दोन माद्यांचं एकदा बिनसलं की ते मिटायला फार जड जातं. नर पिल्लू घेताना अंडकोषातल्या दोन्ही गोळ्या (वृषणं) खाली उतरल्यात का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. सहा महिन्यांनंतरही एक वर राहिली तर तिच्यात पुढे गाठ होण्याचा धोका असतो, आणि साधी शस्त्रक्रिया पोटाची होते. मादी मोठी असताना दत्तक घेत असाल तर शेवटचा माज कधी झाला ती तारीख विचारा. सांगता आली नाही, तर पहिले दोन महिने तिच्या पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवा.