स्टार्ट स्क्रिप्ट तशीच ठेवावी की युनिट फाइल लिहावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील काही पतसंस्थांचे आणि उद्यमबागेतील एक-दोन कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. यांपैकी बऱ्याच ठिकाणी हिशेबाची प्रणाली आजही जुन्या इनिट स्क्रिप्टनेच, म्हणजे सेवा (मागे चालत राहणारा प्रोग्राम) सुरू-बंद करणाऱ्या आज्ञांच्या फाइलनेच, सुरू होते. लिनक्सच्या रेड हॅट 7 मध्ये 2014 साली आणि डेबियन 8 मध्ये 2015 साली सिस्टिमडी (सेवा सुरू करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था) रूढ झाले, तरी या स्क्रिप्ट चालत राहिल्या, कारण सिस्टिमडी त्यांच्यासाठी बूटच्या वेळी आपणहून एक तात्पुरते युनिट, म्हणजे सेवा कशी चालवायची याचे वर्णन, तयार करते. म्हणूनच सर्व्हर बदलताना स्क्रिप्ट उचलून नव्या यंत्रावर ठेवण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही.

स्क्रिप्टच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. ती वाचता येते, ‘बॅश -एक्स’ लावून चालवली की कोणत्या ओळीवर अडते ते डोळ्यांसमोर दिसते, आणि सेवा सुरू करण्यापूर्वी जागा तपासणे, जुने लॉग हलवणे अशी चार कामे तिच्यात सहज बसवता येतात. युनिट फाइलमध्ये तेवढी मोकळीक नाही. शिवाय ती लॉगिनच्या वेळची प्रोफाइल वाचत नसल्यामुळे जावासारख्या प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहून द्यावा लागतो, आणि फाइल बदलल्यावर सिस्टिमडीने ती पुन्हा वाचावी म्हणून ‘डेमन-रीलोड’ करावे लागते.

तरीही माझा कल ज्या एका त्रासामुळे ठरला, तो सविस्तर सांगायला हवा. पावसाळ्यात खानापूरकडच्या शाखांमध्ये वीज गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि मग सर्व्हर एकदम बंद पडतो. अशा वेळी प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली पीआयडी फाइल तशीच मागे राहते. ती ‘/रन’ मध्ये असेल तर बूटबरोबर पुसली जाते, पण अनेक प्रणाली ती आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात. वीज आल्यावर स्क्रिप्ट तो क्रमांक जिवंत आहे का एवढेच पाहते. बूटच्या वेळी सेवा साधारण त्याच क्रमाने उठत असल्यामुळे तो क्रमांक एव्हाना दुसऱ्याच एखाद्या प्रोसेसला मिळालेला असू शकतो. मग स्क्रिप्ट ‘आधीच चालू आहे’ असे म्हणून शून्य परत करते. सिस्टिमडी ते यश मानते, आणि स्क्रिप्टच्या माथ्यावरील टिपणीत पीआयडी फाइलचा उल्लेख नसेल तर स्टेटसमध्ये हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ असे दिसते. प्रत्यक्षात काहीच चालू नसते. त्यावर पुन्हा ‘स्टार्ट’ दिले तर सिस्टिमडीच्या लेखी सेवा चालूच असल्यामुळे काही न घडता आज्ञा संपते. तेथे ‘रीस्टार्ट’च द्यावे लागते, आणि तेही शिळी फाइल काढून टाकल्यानंतर. शाखेतील कर्मचारी फोनवर ‘हिरवं दिसतंय, पण पासबुक छापत नाही’ असे सांगतात, तेव्हा त्यांचे शब्दशः बरोबर असते, आणि मला मात्र भर पावसात चाळीसेक किलोमीटर जावे लागते.

स्वतः लिहिलेल्या युनिट फाइलमध्ये सेवा अग्रभागी, म्हणजे स्वतः मागे न जाता, चालवली, तर पीआयडी फाइलची गरजच उरत नाही, कारण प्रोसेस सिस्टिमडीच्याच हाताखाली असते आणि ती मेली की त्याला लगेच कळते. बिघाडाचे कारणही बहुधा स्टेटसमध्ये दिसणाऱ्या त्रुटी-क्रमांकातच मिळते. 203 आला तर फाइल सापडली नाही, चालवण्याची परवानगी नाही किंवा विंडोजवर संपादित केल्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी नको ते चिन्ह चिकटले आहे. 217 आला तर सेवेसाठी नेमलेला युजर त्या यंत्रावर नाही. 200 आला तर फोल्डर चुकला आहे. स्क्रिप्टकडून एवढे नेमके उत्तर मला क्वचितच मिळाले.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. युनिट फाइलच्या ‘आफ्टर’ या ओळीमध्ये डेटाबेसचे नाव लिहिल्याने क्रम लागतो, पण डेटाबेस जोडणी घेण्यास तयार झाला आहे याची हमी प्रत्येक वेळी मिळत नाही. म्हणून सेवा बिघडल्यास 10 सेकंदांनी पुन्हा सुरू व्हावी यासाठी त्याच फाइलमधील ‘रीस्टार्ट’ ला ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’ ला 10 द्यावे. मूळचा 100 मिलिसेकंदांचा अवकाश ठेवला तर 10 सेकंदांत 5 प्रयत्नांची मर्यादा क्षणात संपते आणि सिस्टिमडी नाद सोडते. दुसरे म्हणजे ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हा फोल्डर आहे का ते पाहावे. तो नसेल तर मूळ मांडणीत जर्नल (सिस्टिमडीची नोंदवही) केवळ मेमरीत राहते आणि वीज जाण्यापूर्वीचा पुरावा विजेबरोबरच जातो.

ज्यांचा सर्व्हर जुनाच राहणार आहे आणि यूपीएस भक्कम आहे, त्यांनी चालत्या स्क्रिप्टला हात लावू नये, असेही म्हणता येईल. परंतु 2023 मधील 254व्या आवृत्तीपासून सिस्टिमडीने या स्क्रिप्टचा आधार पुढे काढून टाकला जाईल असे जाहीर केले आहे, तेव्हा नवे यंत्र घेणाऱ्याने मला विचारले तर मी युनिट फाइलच सुचवीन. ती स्क्रिप्टच्याच नावाने ‘/एटसी/सिस्टिमडी/सिस्टिम’ मध्ये ठेवली की तिला प्राधान्य मिळते. त्यामुळे स्क्रिप्ट काही दिवस जागेवर राहिली तरी हरकत नाही, आणि काही बिनसल्यास युनिट फाइल बाजूला करून ‘डेमन-रीलोड’ दिले की जुनी व्यवस्था परत मिळते.