मिरकरवाडा बंदराजवळचे पॉवर टूल दुरुस्तीचे दुकान : अडकलेल्या हँडलची गोष्ट

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पॉवर टूल दुरुस्तीचे एक लहान दुकान आहे. घराच्या कंपाउंडसाठी चिरे कापण्याचा माझा चार इंची ग्राइंडर आणि काँक्रीटमध्ये भोके पाडणारे दोन किलो वर्गाचे रोटरी हॅमर अशी दोन यंत्रे मी तेथे नेली होती. मोटारीबद्दल तक्रार नव्हती. ग्राइंडरचे बाजूचे हँडल गेल्या पावसाळ्यापासून तसेच लावून ठेवले होते आणि ते आता निघत नव्हते. हॅमरच्या मागच्या मुठीला तडा गेला होता.

मी ग्राइंडर टेबलावर ठेवताच मिस्त्रींनी डिस्क काढून बाजूला ठेवली. पुढे सुरू करून पाहण्याचा प्रसंग आला आणि नंतर पुन्हा हँडलला हात लावायचा होता, तेव्हा त्यांनी नुसते बटण बंद न करता प्लग सॉकेटमधून उपसून स्वतःच्या समोर आणून ठेवला. बॅटरीवरचे यंत्र असते तर बॅटरीच काढली असती, असे ते म्हणाले. मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेणाऱ्या यंत्राजवळ एवढी काळजी घ्यायलाच हवी, परंतु आपल्याकडे ती घेतली जात नाही, हेही तितकेच खरे.

हँडल का अडकते, हे त्यांनी नीट समजावले. हँडलचा बोल्ट लोखंडी आणि ग्राइंडरचे गिअर हेड, म्हणजे गिअर असलेला पुढचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. खाऱ्या दमट हवेत या दोन धातूंच्या जोडात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि आट्यांत पांढरी भुकटी साचून बोल्ट जाम होतो. अशा वेळी जोर लावून प्लास्टिकची मूठ पिळली, तर मूठ बोल्टवरच फिरू लागते आणि बोल्ट आत राहतो. म्हणून त्यांनी गंज सोडवणारे तेल सोडून यंत्र रात्रभर ठेवले, दुसऱ्या दिवशी हीट गनने फक्त अ‍ॅल्युमिनियमचा भाग बेताने गरम केला आणि थोडे पुढे, थोडे मागे असे करत हँडल सोडवले. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावत असल्यामुळे पकड सैल होते.

हँडल निघाल्यावर एक जुने पाप उघडकीस आले. पूर्वी दुसऱ्या एका दुकानात मूळ बोल्टऐवजी हाताला लागेल तो बोल्ट ठोकून बसवला होता आणि त्यात निम्मे आटे गेले होते. सोपा उपाय म्हणजे छिद्र मोठे करून जाडा बोल्ट घालणे. मिस्त्रींनी तो साफ नाकारला, कारण मग कंपनीचे हँडल त्यात कधीच बसणार नाही. त्यांनी चार स्क्रू काढून गिअर हेड वेगळे केले, म्हणजे धातूचा कीस गिअरच्या ग्रीसमध्ये पडू नये, आणि नवे आटे पाडून त्यात हेलिकॉइल, म्हणजे मूळ मापाचे आटे परत देणारे तारेचे वेटोळे, बसवले. दुसऱ्या बाजूचे छिद्र चांगले असताना हा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले. कोपऱ्यात कापताना हँडलची बाजू बदलावी लागते आणि ती बदलता आली नाही की माणूस हँडल काढून एका हाताने यंत्र धरतो, असे त्यांचे उत्तर होते. चिऱ्यात डिस्क अडकून ग्राइंडर उसळला की काय होते, हे मी शेजाऱ्याच्या अंगठ्यावर पाहिले आहे.

हॅमरची मागची मूठ बदलणे जास्त नाजूक काम होते, कारण स्विच तिच्यातच असतो. उघडण्याआधी त्यांनी तारांचा मोबाइलवर फोटो काढला. बंद करताना एकही तार दोन भागांच्या कडांत चिमटत नाही आणि केबल धरून ठेवणारी पट्टी जागेवर आहे, हे दोनदा पाहिले. प्लास्टिकमध्ये जाणारा प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवून, जुन्या आट्यात टक्‌ करून बसला की मग हातानेच आवळला. ड्रिलने आवळल्यास नवे आटे पडून प्लास्टिक भुसभुशीत होते. पुढच्या हँडलचा पट्टा मानेवर पूर्ण बसवून मूठ पिळून घट्ट केली आणि मला ते हलवून पाहायला लावले. काँक्रीटमधल्या सळईत बिट (भोक पाडणारी दांडी) अडकले की यंत्राचा सगळा पीळ याच हँडलवर येतो.

तक्रारी दोन. भोकाची खोली मोजण्याची दांडी हॅमरसोबत परत आली नाही, त्यासाठी मला पुन्हा खेप घालावी लागली. आणि छापील पावती मागूनही मिळाली नाही. दोन्ही यंत्रांचे मिळून 850 रुपये झाले, ते मला रास्त वाटले.

घरी आल्यापासून मी ग्राइंडरचे हँडल काम संपले की काढून, आट्यांना ग्रीसचा पुसट हात देऊन ठेवतो. दुकानात जायचे असल्यास मे संपण्यापूर्वी जावे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नौकांची डागडुजी त्याच काळात निघते आणि मिस्त्रींचे टेबल खलाशांच्या ग्राइंडरांनी भरून जाते.