तिसरीचं वर्ष घरी काढलं, आता चौथीची तयारी: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जूनपासून लेकीचं तिसरीचं वर्ष आम्ही घरीच केलं. आम्ही नाशिकला असतो. आता मे अर्धा संपला, चौथीचं सामान जमवायला घेतलंय, तर म्हटलं काय काय वापरलं आणि कशाचा खरंच उपयोग झाला ते लिहून टाकते, कारण मी सुरू केलं तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळावं म्हणून फार शोधाशोध केली होती.

पुस्तकं बालभारतीचीच घेतली, मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास. पीडीएफ ईबालभारतीच्या साइटवर फुकट आहेत पण माझं मत विचाराल तर छापीलच घ्या, छापील पुस्तकात ती पेन्सिलने खुणा करते, चित्रं रंगवते, उशाशी घेऊन झोपते, टॅबवर तेच पान दोन मिनिटांत संपतं. पीडीएफचा उपयोग मी झेरॉक्सपुरता केला, गणिताचं एखादं पान तीनदा सोडवायचं असलं की प्रिंट काढायची. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन होतात, तेही कधीमधी वापरलं.

एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं, तिसरीचं परिसर अभ्यास जिल्ह्याप्रमाणे वेगळं असतं. मी संच बांधलेला तसाच उचलून आणला आणि जुलैत लक्षात आलं की दुकानदाराने अहमदनगरचं दिलंय. मग नाशिकचंही आणलं आणि दोन्ही ठेवली, लेक दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघायची आणि गोदावरी आपल्याकडून निघून त्यांच्याकडे जाते हे तिचं तिलाच सापडलं. त्यामुळे घेताना मुखपृष्ठावरचा जिल्हा बघा, आणि आतल्या पानावरची आवृत्तीपण बघा, कारण पहिलीचं पुस्तक 2025 ला बदललं आणि पुढच्या इयत्तांचीही टप्प्याटप्प्याने बदलतायत.

सगळ्यात मोठा धडा म्हणाल तर पुस्तकाच्या क्रमाने जायचं नाही. पाण्याचे धडे आम्ही उचलून थेट पावसाळ्यात घेतले. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीला, म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या मोठ्या मूर्तीला, पाणी कुठपर्यंत आलं? आम्ही रोज संध्याकाळी लांबून पुलावरून बघून यायचो आणि ती वहीत लिहायची, आज गुडघ्यापर्यंत, आज कमरेपर्यंत, मग शेजारी पेपरात आलेला विसर्गाचा आकडा. मोजमाप, नदी, धरण, पूर सगळं त्या एका वहीत आलं, आणि तीच वही वर्षभरातली तिची सगळ्यात आवडती वही आहे.

आता माळ. शंभर मण्यांची माळ, दहा लाल दहा पांढरे अशी ओवलेली, विकतही मिळते, आम्ही घरीच ओवली. लेकीला 57 म्हटलं की ती 75 लिहायची, दुसरीपासून हेच चाललेलं, आणि यात मुलीची चूक नाही, आपण सत्तावन्न म्हणताना सात आधी म्हणतो आणि लिहितो मात्र पाच आधी. 2019 ला दुसरीच्या गणितात पन्नास सात, वीस एक असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी तेव्हा ते का केलं ते समजावून सांगितलं होतं, मलाही त्यावेळी ते पटलं नव्हतं. माळ हातात घेतल्यावर पटलं. आधी पाच दशकं सरकवायची, मग सात मणी, तोंडाने पन्नास सात, आणि मगच सत्तावन्न. सहा आठवडे रोज दहा मिनिटं, जास्त नाही. आणि खरी मजा एकोणसाठला आली. तिला साठ मण्यांपर्यंत जायला सांगितलं आणि एक मणी मागे ओढला, म्हटलं बघ, साठाला एक उणा, एकोणसाठ. त्या दिवशी ती एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास करत सुटली आणि शेवटी थांबून म्हणाली, आई मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत? मला उत्तर आलं नाही, पण इतका सुंदर प्रश्न शाळेच्या धावपळीत तिला विचारता आला असता का असं वाटलं. घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही माळ करावी, मनापासून सांगते.

दरमहा घरी येणाऱ्या तयार वर्कशीटच्या खोक्याचे पैसे भरले होते, गणपतीनंतर उघडलंच नाही, त्यात आमच्या आजूबाजूचं काहीच नव्हतं. यंदा नाही घेणार. किशोर मासिक मात्र चालू ठेवणार, तिची अवांतर वाचनाची सवय त्यावरच लागली.

परीक्षेचं सगळे नातेवाईक विचारतात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, तिच्या ओबीईमध्ये (लहान मुलांसाठीचा मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम) ए लेव्हल तिसरीची, बी पाचवीची, सी आठवीची, आणि दहावीला बसायला 14 वर्षं पूर्ण लागतात, एवढं कळल्यावर सासूबाई निवांत झाल्या. आम्ही पाचवीच्या वेळी बी लेव्हलचं बघू, आत्ता घाई नाही.

चौथीच्या आत्तापर्यंतच्या पुस्तकांत परिसर अभ्यासाचा दुसरा भाग असतो, शिवछत्रपतींचा. तो दिवाळीनंतर घेणार, मातीचा किल्ला तेव्हा ताजा असतो आणि चढायला हवा चांगली असते. साल्हेर आमच्याच जिल्ह्यात, 1672 ची लढाई तिथली, पण उंची 1567 मीटर, आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एवढ्यात नको. आधी रामशेज करू, तो संभाजी महाराजांच्या काळात गाजला पण चढ सोपा आहे, पायांना सवय होईल.

आणि अपूर्णांक सासूबाईंकडे दिलेत. त्यांना पावकी निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) अजून तोंडपाठ आहे, 15 जूनपासून रोज जेवणाआधी दोघी बसणार असं ठरलंय, दुधाचं पावशेरी माप आत्तापासून घासून ठेवलंय त्यांनी.