परभणीतला कवितेचा रविवार-क्लास

बी.ए.च्या इंग्रजीसाठी मी दर रविवारी गंगाखेडहून रेल्वेने परभणीला या क्लासला जाते. फी वसूल होते, हे आधीच सांगते.

इंग्रज कवी विल्यम ब्लेकची १७९४ सालची ‘द टायगर’ ही कविता शिकवताना सरांनी अर्थ बाजूला ठेवला आणि बाकावर ठेका धरायला लावला. टाय-गर टाय-गर बर्न-इंग ब्राइट. अक्षरं सात, ठोके चार. सुरुवातच ठोक्याने आणि शेवटही ठोक्यावरच. घण पडावा तसं! दोन-दोन ओळींचं यमक नीट चालतं, पण पहिल्याच कडव्यात ओळीच्या शेवटच्या ‘आय’ला पुढच्या ओळीतलं ‘सिमेट्री’ कानाला जुळत नाही. तिथे सर थांबले, आम्हालाही थांबवलं. शेवटचं कडवं म्हणजे पहिलंच पुन्हा, फक्त ‘कुड’च्या (करू शकेल) जागी ‘डेअर’ (धजेल). एका शब्दाने अंगावर काटा आला. आम्ही जनाबाईच्या गावची माणसं, अभंगाचं ध्रुपद लहानपणापासून घोळवतो. पण तिथे ओळ तशीच परत येते, इथे बदलून आली.

तक्रार एकच. नोट्सची झेरॉक्स इतकी पुसट की आघाताच्या, म्हणजे ठोक्याच्या, खुणा दिसतच नाहीत. मी त्या लाल पेनाने परत काढते. पुढच्या बॅचवाल्यांनी पुढचा बाक धरा, मागे ठेका ऐकू येत नाही.