स्वारगेट-कात्रज बस: रोज जाणाऱ्याचं मत

पुण्यात सातारा रोडने जायचं तर ही बस बेस्ट, गाडी काढूच नका. जेमतेम सहा किलोमीटर अंतर, रिक्षावाला स्वारगेटला उभं राहूनच नाही म्हणतो आणि बस मात्र एक गेली की मागे दुसरी येतेच. 2006 साली देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या लेनचा, प्रयोग याच रोडवर झाला, त्यामुळे बरेच स्टॉप रस्त्याच्या मधोमध आहेत, नवीन माणूस कडेला उभा राहून बसला हात करत बसतो आणि बस मधून निघून जाते (माझंही झालंय असं, हसू नका). सकाळी भारती विद्यापीठपर्यंत उभंच राहावं लागतं, पण तिथे अख्खी कॉलेजची पोरं उतरली की बस रिकामी, मग कात्रजपर्यंत खिडकी आपलीच. गुरुवारी संध्याकाळी मात्र शंकर महाराज मठाची गर्दी असते, त्या दिवशी थोडं लवकर निघा. दारात लटकणाऱ्यांना कोणी आत सरकवेल तर एक स्टार वाढवीन, सध्या चार. आणि हो, सर्पोद्यान बघायला पोरांना घेऊन जाणार असाल तर बुधवारी जाऊ नका, बंद असतं. सुट्टे ठेवा जवळ.